शेवटचा पाव फेरा

लेबल वाचण्याआधीच मी तो बोल्ट ओळखला. हे विधान संशयास्पद आहे याची मला जाणीव आहे. माझ्या टेबलावर आठवड्याला वीसेक तुटक्या वस्तू येतात: जहाजांचे दांडे, क्रेनचे हुक, पंपांची पाती. तुटलेल्या वस्तू एकमेकींसारख्या दिसतात आणि ओळख पटल्याचा भास होणे ही मेंदूची जुनी खोड आहे. तरीही सिंगापुरात, तुआसमधल्या आमच्या प्रयोगशाळेत, ऑगस्ट २००२ च्या त्या गुरुवारी सकाळी, पारदर्शक पिशवीतले ते षट्कोनी डोके, त्यावरचा पक्ष्याचा उठावदार शिक्का आणि डोक्याच्या लगेच खाली तुटलेली ती सरळ, निगुतीची कड पाहून माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. मी डाव्या मनगटावर दोन बोटे ठेवून घड्याळाकडे पाहिले. मिनिटाला एकशे चार ठोके. एरवी माझे बहात्तर असतात. मग मी लेबल वाचले. पेनहॅलो, स्टिअरिंग, डावी बाजू.

पिशवीबरोबर मिस्टर कोह यांची चिठ्ठी होती. कोह म्हणजे पेनहॅलोच्या सिंगापुरातल्या वितरकाचे सर्व्हिस मॅनेजर. सिंगापुरात विकल्या गेलेल्या तीन गाड्यांपैकी एकीचे स्टिअरिंग चोआ चू कांगजवळ, एक्स्प्रेसवेवरून उतरताना अचानक निकामी झाले. गाडी गवतात जाऊन थांबली, कुणाला लागले नाही. हा बोल्ट का तुटला ते कळवावे. सोबत त्याच गाडीच्या उजव्या बाजूचा न तुटलेला बोल्ट, बोल्टचा आराखडा आणि घट्ट करतेवेळीच्या नोंदी. चार वस्तू. मी त्या टेबलावर ओळीने मांडल्या, पुन्हा पिशवीत भरल्या आणि पुन्हा मांडल्या. माझ्या खणात, उजव्या हाताला, जुन्या कंपासपेटीत कापसावर ठेवलेली पाचवी वस्तू होती. तिला मी हात लावला नाही. अजून वेळ आली नव्हती. आणि जे घडण्याची शक्यता मला दिसू लागली होती ती इतकी मोठी होती की क्रम चुकवून चालणार नव्हते.

पेनहॅलो ही कंपनी साठच्या दशकात इंग्लंडमध्ये दोन माणसे बसतील अशा लांब नाकाच्या उघड्या गाड्या बनवीत असे. मग ती बुडाली. तीस वर्षांनी काही हौशी मंडळींनी तिचे नाव, शिक्का आणि आराखड्यांची कपाटे विकत घेतली, एक शेड भाड्याने घेतली आणि २००१ च्या वसंतात तीच गाडी नवे इंजिन बसवून पुन्हा बाजारात आणली. वर्तमानपत्रात बातमी वाचली त्या रविवारी मी ललिताला आणि आमच्या नऊ वर्षांच्या दीप्तीला घेऊन शोरूममध्ये गेलो. ललिताला वाटले, मला गाडी बघायची आहे. मला गाडीची पुढची चाके आतल्या बाजूने बघायची होती. मी संगमरवरी फरशीवर गुडघे टेकले, मग कोपरे, मग गाल. फरशी थंडगार होती आणि तिला मेणाचा वास होता. "लोक गाडीत बसून बघतात," ललिता दबक्या आवाजात म्हणाली, "तू खाली काय शोधतोस? आठ आणे पडलेत का तुझे?" दीप्ती सेल्समनला सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "माय डॅड ऑलवेज लाइक दॅट वन लाह, डोंट वरी." चाकामागच्या पट्ट्यांच्या सावलीत मला ते षट्कोनी डोके दिसले. त्यावरून शेजारच्या धातूवर पिवळ्या रंगाची एक सलग रेघ ओढलेली होती. घट्ट केलेला बोल्ट पुढे फिरला तर रेघ तुटते, एवढाच तिचा उपयोग. मी कपडे झटकत उठलो तेव्हा ललिताने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि पुढचा विनोद केला नाही.

माझे वडील रेघ ओढत नसत, ठिपका ठेवीत. कामठीच्या एका गॅरेजात ते फिटर होते. पाना फिरवायचा, बोल्ट बसला की दम धरायचा, मग शेवटचा पाव फेरा, आणि मग काडीने निळा ठिपका. तो रंग वस्तीतल्या विहाराची पाटी रंगवून उरलेला असे. गॅरेजातले बाकीचे खडूची खूण करीत, ती पहिल्या धुण्यात जाई. बाबांचा ठिपका टिकत असे आणि त्यावरून त्यांची थट्टाही होई. १९६७ साली खाणीच्या एका ठेकेदाराची पेनहॅलो त्यांच्या हाताखाली आली. त्या गाडीबद्दल ते पुढे कधी बोलले नाहीत, पण आई सांगे, आठ दिवस घरी आल्यावर ते जेवायचे विसरत, आणि हातांनी हवेत तिचे नाक काढून दाखवीत. नवव्या दिवशी गाडी गेली. दहाव्या दिवशी कन्हान नदीच्या रस्त्यावर तिचे स्टिअरिंग सुटले, ती बाभळीवर आदळली आणि ठेकेदाराच्या धाकट्या भावाचा पाय जन्मभरासाठी अधू झाला. ओढून आणलेल्या गाडीतून बाबांनीच बोल्टचे तुटलेले डोके काढले. त्यावर निळा ठिपका नव्हता. "ह्यांच्या हाताचा काही भरवसा नाही," गॅरेजचा मालक सगळ्यांसमोर म्हणाला, आणि "ह्यांच्या" हा शब्द एका माणसापुरता नव्हता हे तिथल्या प्रत्येकाला कळले. बाबा डोके खिशात घालून घरी आले. पुन्हा त्यांनी गाडीला हात लावला नाही. नगरपालिकेच्या पाण्याच्या पंपावर त्यांनी सव्वीस वर्षे झडप उघडली आणि बंद केली. त्या वर्षापासून ते घराच्या दाराची कडी लावली की दार तीन वेळा ओढून पाहतात. एकदा नाही, दोनदा नाही. लहानपणी झोपेत मी ते तीन ठोके मोजत असे. तिसरा पडला की जग बंद होई.

इथवर दोष नियतीचा किंवा मालकाचा. पुढचा माझा आहे. मी एकोणीस वर्षांचा होतो, नागपुरात धातुशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला. धातू कसा तुटतो यावरचे प्रकरण शिकवून झाले होते आणि जगातली प्रत्येक तुटलेली वस्तू मला वाचता येते अशी माझी समजूत होती. सुट्टीत घरी आलो तेव्हा ते डोके आईच्या शिवणाच्या डब्यातून काढून मी उजेडात धरले. तुटलेल्या पृष्ठभागावर बारीक कमानी दिसत होत्या, ओहोटी लागलेल्या वाळूवर दिसतात तशा. म्हणजे बोल्ट एका झटक्यात तुटला नव्हता. भेग थोडी थोडी वाढत गेली होती. बाबा दारात उभे होते. "काय लिहून आहे रे तुझ्या पुस्तकात?" त्यांनी विचारले. आणि मी पुस्तकातले वाक्य जसेच्या तसे सांगितले: "बोल्ट सैल राहिला की असा तुटतो." त्यांनी मान हलवली. एखादी जुनी तारीख कुणी बरोबर सांगितल्यावर हलवतात तशी. मग ते पंपावर गेले. पुस्तकातल्या वाक्यात "बहुधा" हा शब्द होता. तो मी गाळला होता. हे मला तिसऱ्या वर्षी, उजळणी करताना कळले. तेव्हा ते डोके मी कंपासपेटीत ठेवले आणि प्रत्येक शहरात, प्रत्येक नोकरीत बरोबर नेले. पण सूक्ष्मदर्शकाखाली कधीच नेले नाही. वीस वर्षे माझ्यापासून चार हातांवर देशातली उत्तमोत्तम उपकरणे होती. अनोळखी कंपन्यांच्या तुटक्या हुकांवर मी आठवडे घालवले. कारण साधे होते: एकट्या बोल्टवरून निकाल लागत नाही. सैल असल्यामुळे भेग वाढली, की घट्ट असूनही वाढली, हे भेग सांगत नाही. त्यासाठी तोच बोल्ट पुन्हा हवा, त्याच गाडीत, त्याच जागी, आणि तो नीट घट्ट केल्याचा पुरावा हवा. असा प्रयोग करायचा तर एक अख्खी मोटार कंपनी पुन्हा उभी करावी लागली असती.

आणि ती कुणीतरी केली होती! गुरुवारी दुपारी आराखडा उलगडला तेव्हा हे वाक्य माझ्या डोक्यात अक्षरशः उद्गारचिन्हासकट उमटले. माझ्या अहवालांत ते चिन्ह मी कधी वापरलेले नाही. नोंदी स्वच्छ होत्या. दोन्ही बोल्ट कारखान्यात मोजून घट्ट केलेले, सिंगापुरात आल्यावर पुन्हा मोजलेले. उजवा बोल्ट काढण्यापूर्वी कोह यांच्या माणसाने पिवळ्या रेघेचा फोटो घेतला होता: रेघ सलग, बोल्ट केसभरही फिरलेला नाही. मग मी आराखड्यावर ती जागा शोधली जिथे डोके संपून दांडा सुरू होतो. हा कोपरा गोल हवा. जितका टोकदार, तितका ताण तिथे साचतो. कोपऱ्याची त्रिज्या लिहिली होती शून्य पूर्णांक एकशे सत्तावीस सहस्रांश मिलिमीटर. मी खुर्चीत मागे टेकलो. कोणताही अभियंता स्वतः विचार करून असा आकडा लिहीत नाही. तो एक मिलिमीटर लिहितो, किंवा अर्धा. एकशे सत्तावीस सहस्रांश म्हणजे नेमके पाच हजारांश इंच. कुणीतरी साठच्या दशकातल्या आराखड्यातला इंचाचा आकडा इमानेइतबारे मिलिमीटरमध्ये बदलला होता, आणि हा कोपरा इतका टोकदार का, हे विचारले नव्हते. शोरूममधल्या माहितीपत्रकात वाक्य होते की प्रत्येक सुटा भाग मूळ आराखड्याशी प्रामाणिक आहे. प्रामाणिकपणाचा इतका उपयुक्त अतिरेक मी आजवर पाहिलेला नाही. त्या भल्या माणसांनी गाडीबरोबर तिची चूकही तिसऱ्या दशांशस्थळापर्यंत जिवंत केली होती.

उरले होते एकच. तुटलेल्या डाव्या बोल्टवर अजून वाद घालता आला असता, कारण तुटताना त्याच्याबरोबर त्याची रेघही गेली होती. पण उजवा बोल्ट शेवटपर्यंत घट्ट होता, याला फोटोचा आधार होता. त्याच्या कोपऱ्यात भेग सुरू झालेली असेल, तर घट्टपणाचा प्रश्नच निकालात निघाला. बाहेरून काही दिसत नव्हते. तो उभा कापायला हवा होता. शुक्रवारी सकाळी साडेनऊला मी कापण्याच्या यंत्रापाशी उभा होतो आणि फोन वाजला.

"डॉक्टर, स्टॉप ऑलरेडी," कोह म्हणाले. मी त्यांना अनेकदा सांगितले आहे की मी औषधे देत नाही. "यूके साइड कंपनी क्लोज. काल. फिनिश."

"क्लोज म्हणजे?"

"क्लोज म्हणजे क्लोज लाह! सतरा महिने ओन्ली. आता सगळं त्यांच्या वकिलांकडे. ते म्हणतात सगळे पार्ट परत पाठवा. दोन वाजता माझा माणूस येईल. नो नीड रिपोर्ट."

"मिस्टर कोह, उजवा बोल्ट मला कापायचा आहे."

"कट फॉर व्हॉट? रिपोर्ट कोण वाचणार?"

मी म्हणालो, एक माणूस आहे. फोनवर थोडा वेळ वर्कशॉपमधला हातोडा ऐकू येत राहिला. कापण्याचे मी विचारायलाच नको होते, असा एक आवाज माझ्या डोक्यात म्हणत होता. यंत्र समोर होते, बोल्ट चिमट्यात होता, दोन मिनिटे नंतर फोन आला असता तर प्रश्नच उरला नसता. पण दुसऱ्याची वस्तू न विचारता कापून मिळवलेला पुरावा घेऊन मी कुणाला काय सांगणार होतो? ज्या माणसासाठी हे चालले होते, त्याने उभ्या आयुष्यात शेजाऱ्याची शिडीसुद्धा न विचारता घेतली नव्हती.

"त्यांच्या लिस्टमध्ये लिहिलंय, बोल्ट दोन," कोह शेवटी म्हणाले. "पूर्ण की अर्धा, लिहिलं नाही. यू वॉन्ट कट, कट लाह. पण सगळे तुकडे परत, हां. आणि डॉक्टर, मलाही सांगा. मी स्वतः उभा राहून ते टाइट करून घेतले होते. तीन रात्री झोप नाही माझी."

हे ऐकून मला जे वाटले त्याचे नाव मला ठाऊक नाही. सिंगापूर ते कामठी इतक्या लांबवर पसरलेल्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या, पण एकाच पाव फेऱ्याबद्दल रात्री जागणाऱ्या माणसांची एखादी संघटना असावी असे क्षणभर वाटले. मी यंत्र सुरू केले. गार पाण्याखाली चकती धातूत शिरताना जो किनरा आवाज होतो तो मला एरवी सहन होत नाही. त्या दिवशी मी त्याच्याबरोबर गुणगुणत होतो. घासण्याचे कागद, सहा, क्रमाने, एकही न वगळता. प्रत्येक कागदाचा अंक मी मोठ्याने म्हटला. चकचकीत झालेल्या कापाला आम्लाचा थेंब, पाण्याची धार, गरम हवा. अकरा वाजून दहा मिनिटांनी मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

भेग तिथे होती. कोपऱ्याच्या टोकातून निघालेली, दांड्यात तिरकी उतरलेली, काळी, नाजूक, पुस्तकातल्या आकृतीपेक्षा सुंदर. घट्ट बोल्टात. सलग रेघेखाली. मी डोळा बाजूला केला, खिडकीतून बंदरावरच्या क्रेन पाहिल्या, पुन्हा लावला. ती तिथेच होती. मग कंपासपेटी उघडली. कापसाला आईच्या डब्यातल्या लवंगेचा वास अजून होता, किंवा मला तसा आला. बाबांचा बोल्ट मी कोरड्या मऊ ब्रशने झटकला आणि कोपरा मोजला: पाच हजारांश इंच. भेगेची सुरुवात: त्याच जागी. दोन बोल्टांमध्ये पस्तीस वर्षे आणि दोन हजारांवर मैल होते, पण माझ्या पडद्यावर त्यांचे कोपरे शेजारी ठेवले असता कोणता कोणाचा, हे मला लेबलाशिवाय सांगता आले नसते. मी मनगटावर बोटे ठेवली नाहीत. मोजण्यात अर्थ नव्हता. आमच्या प्रयोगशाळेत ओरडायला मनाई आहे असे कुठे लिहिलेले नाही, पण मी सामानाच्या खोलीत गेलो, दार लावले आणि एकदा, लहानसा, ओरडलो.

मग मी निळा ठिपका शोधला. डोक्याच्या सहाही बाजू, पक्ष्याच्या पंखांच्या खाचा, गंजाखालचे खळगे, दोनशे पट मोठे करून. रंगाचा कण नव्हता. गाडी धुताना पेट्रोलने गेला असेल, किंवा तो कधी ठेवलाच गेला नसेल. दोन्ही शक्यतांना माझ्याकडे सारखाच पुरावा होता: शून्य. तेवढ्यापुरता मी खाली आलो. पण तेवढ्यापुरताच.

दोन वाजता कोह यांचा माणूस आला. मी सगळे तुकडे, कापताना उडालेली भुकटीसुद्धा वेगळ्या पाकिटात, त्याच्या स्वाधीन केली. कोह यांना फोनवर तीन वाक्यांत निष्कर्ष सांगितला. "सो नॉट मी," ते म्हणाले. मी म्हणालो, नॉट यू. "ऐया," ते हुश्श केल्यासारखे म्हणाले. बून ले स्टेशनपर्यंत कंपनीच्या बसमध्ये आणि तिथून एमआरटीत, म्हणजे मेट्रोत, मी उभाच राहिलो. बसायला जागा होती. जुरॉंग ईस्टला गाडी बदलताना माझ्या मनात आले की सतरा महिन्यांत त्या कंपनीने जेमतेम चाळीस गाड्या बनवल्या. काही लोकांची स्वप्ने त्यात गेली असतील, आणि मी इथे शीळ घालतो आहे. मला लाज वाटली, शीळ थांबली नाही. ललिताने दार उघडले आणि म्हणाली, "काय झालं? बढती?" मी म्हणालो, भेग सापडली. सोळा वर्षांच्या संसारात तिला कळले आहे की माझ्या घरात ही आनंदाची बातमी असू शकते. मी सगळे सांगितल्यावर तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले. "आत्ता लाव फोन," ती म्हणाली. मी म्हणालो, रविवारी. अहवालाचे एक वाक्य मला अजून जमत नव्हते. एकदा मी एक शब्द गाळला होता आणि आता एकही गळायला नको होता.

रविवारी साडेनऊला, म्हणजे कामठीत सातला, मी फोन केला. तिथे फोन दाराजवळच्या स्टुलावर असतो. बाबांनी दुसऱ्या घंटेला उचलला. मी प्रयोगशाळेत बोलतो तसे बोललो: नवी गाडी, तोच आराखडा, मोजून घट्ट केलेला बोल्ट, सलग रेघ, भेग. फिटरला आकृती लागत नाही. कोपऱ्याचा आकडा सांगितला तेव्हा त्यांनी फक्त जोरात श्वास घेतला. "पाच हजारांश?" ते म्हणाले. "एवढ्या जाड दांड्याले? कोण्या गाढवानं काढला होता बे तो?"

"ठाऊक नाही. पण नव्यांनीही तसाच ठेवला."

"अन् ठिपका?"

"नाही सापडला, बाबा. शोधला."

"म्हणजे मी तो घट्ट केला होता का नाही, हे काही समजलं नाही."

"नाही समजलं. ते आता समजणार नाही. पण घट्ट केला असता तरी तो तुटलाच असता. ते समजलं." पुढचे वाक्य मी दोन दिवस घासत होतो. "मी तुम्हाला तेव्हा पुस्तकातलं सांगितलं ना, त्यात 'बहुधा' असं होतं. बहुधा सैल राहिला की तुटतो. तो शब्द मी सांगितला नाही. चूक माझी होती."

फोनमध्ये सकाळच्या कामठीचे आवाज होते: सायकलची घंटा, कुणाचा तरी रेडिओ, एक कावळा. मग दारावर थाप पडली. "थांब बे जरासा, दूधवाला आला," बाबा म्हणाले, आणि रिसीव्हर स्टुलावर ठेवल्याचा खट्ट आवाज आला. भांडे, दुधाची धार, "आज लवकर बाप्पा?" असे काहीतरी. दार लागले. कडी पडली. मी उभा होतो तिथेच ताठ झालो. ललिता माझ्याकडे पाहत होती. दार ओढल्याचा पहिला ठोका आला. दुसरा आला. मी तिसऱ्याची वाट पाहिली, वयाच्या पाचव्या वर्षी पाहत असे तशीच, श्वास धरून. घड्याळातले सेकंद मी मोजले: सहा, सात, आठ. एका निरीक्षणावरून काही सिद्ध होत नाही. लाइन तुटलेली असू शकते, हे आधी तपासायला हवे होते.

"बाबा?" मी ओरडलो. "आहात ना?"

"आहो न बे," फोनच्या अगदी जवळून बाबा म्हणाले. "बसलो आहो इथंच. सांग आता, नवीन गाडीचं नाक अजून तसंच आहे का लांब?"